फुफीच्या हातची गोळी

फुफी, म्हणजे अब्बांची थोरली बहीण, आमच्याकडं कायमची राहायला आली तेव्हा तिच्याबरोबर एक पत्र्याची पेटी, दोन शेळ्या आणि ईट गावची मराठी होती. ईटला तिचं सासर. फुफा गेले, मूलबाळ नव्हतं. दिरांनी घरात एक खोली दिली असती, पण ती मागायला जाणं फुफीला जमणारं नव्हतं. ती परंड्याला भावाकडं आली. आमच्या घरात दखनी उर्दू बोलली जायची. फुफीला ती येत नव्हती असं नाही, पण उमेदीची सगळी वर्षं शेतकऱ्यांच्या बायकांत काढल्यामुळं तिच्या तोंडात मराठीच बसली होती, आणि तीसुद्धा तिकडची, ‘म्या’ आणि ‘आमी’ची. आम्ही दखनीत विचारायचं आणि तिनं मराठीत उत्तर द्यायचं, असं आमचं घर चालायचं. मी आज हे मराठीत लिहिते आहे त्याला शाळा कमी आणि फुफी जास्त कारण आहे.

घर किल्ल्याच्या खंदकाकडं जाणाऱ्या रस्त्यावर होतं. पुढच्या खोलीत अब्बांचं दुकान. विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी ते भरून द्यायचे. सकाळी दार उघडलं की तांब्याची तार गुंडाळायचं चाक फिरायला लागायचं. त्याची एकसुरी खरखर आणि वॉर्निशचा उग्र वास मधल्या खोलीपर्यंत यायचा. मागं अंगण, अंगणात कडुलिंब, त्याच्याखाली चूल आणि पलीकडं शेळ्यांचा गोठा. अम्मी चुलीपुढं बसून ज्वारीच्या भाकरी थापायची आणि फुफी शेजारी बसून शेंगदाण्याची चटणी कुटायची. दोघी एकमेकींशी फारसं बोलायच्या नाहीत, पण एकीची थाप आणि दुसरीचा ठोका असे काही जुळायचे की आतल्या खोलीत अभ्यास करताना मला ते एकाच माणसाचं काम वाटायचं. शुक्रवारी मटणाचं कालवण असायचं. त्या दिवशी फुफी हाडं वेगळ्या वाडग्यात काढून ठेवायची. ती पतंगची.

पतंग म्हणजे आमचा कुत्रा. आमचा म्हणायचं, पण तो फुफीचा. संक्रांतीच्या सुमाराला एक पिल्लू पायात मांजा अडकून केकाटत आमच्या अंगणात शिरलं होतं. फुफीनं विळीवर मांजा कापला, पायाला हळद लावली आणि त्याचं नाव ठेवून टाकलं. फुफी पाच वक्तांची नमाजी. कुत्र्याची लाळ कपड्याला लागली की कपडा धुवायचा, हे आमच्या घरात पक्कं होतं. म्हणून तिची लुगडी दोन तऱ्हेची होती, शेळ्यांकडं आणि पतंगकडं जायचं एक आणि नमाजचं एक. दिवसातून किती वेळा ती लुगडं बदलायची ते बघून अम्मी हसायची. पतंगला उंबऱ्याच्या आत यायची मनाई होती आणि ती त्यानं कधी मोडली नाही. पुढचे पाय उंबऱ्याबाहेर ठेवून मान तेवढी आत घालायचा आणि फुफीची नमाज संपेपर्यंत तसाच बसायचा. तिनं सलाम फेरला की शेपूट जमिनीवर आपटायची.

गल्लीत फुफीला मान होता. लहान मूल रडायचं थांबत नसलं की आई ते फुफीच्या मांडीवर आणून ठेवायची. फुफी ओव्याचं पाणी पाजायची, पोट चोळायची, तळपाय दाबायची. कुणाचा पाय मुरगळला, कुणाची मान धरली, कुणाला उचकी लागली, की पावलं आमच्या अंगणाकडं वळायची. शेजारच्या कमलकाकू म्हणायच्या, “आपा, तुमच्या हाताला गुण हाय. डॉक्टर करून करून काय करंल?” फुफीला ते आवडायचं. ती वर बघून म्हणायची, “देणारा वर हाय, म्या कोण?” पण हात तिचाच असल्याचा आनंद तिच्या तोंडावर दिसायचा. स्वतःचे गुडघे मात्र तिला आवरत नव्हते. त्यांच्यासाठी गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्या ती रोज जेवणानंतर घ्यायची आणि घेतल्यावर मला म्हणायची, “बघ नजमा, आता ह्या गुडघ्यावर म्या किल्ला चढून यीन.”

मी अकरावीत होते. उसाचे दिवस होते. कारखान्याकडं जाणाऱ्या ट्रॅक्टरांनी रस्ता दिवसभर हलत असायचा, एकामागं दोन दोन ट्रॉल्या, वर उसाचा डोंगर. दुपारी फुफी खंदकाकडून शेळ्या घेऊन परत येत होती आणि मी कॉलेजातून. मला ती लांबून दिसली. एक करडू कळपातून सुटून रस्त्यावर पडलेली उसाची पानं खायला थांबलं. पतंग त्याला वळवायला धावला, ते त्याचं रोजचं काम होतं. करडू बाजूला झालं. ट्रॅक्टरही पुढं गेला. मागच्या ट्रॉलीचं चाक पतंगच्या मागच्या पायावरून गेलं. ट्रॅक्टरवाल्याला काही कळलंसुद्धा नसेल, गाण्याचा आवाज मोठा होता. पतंगचा जो आवाज निघाला तो कुत्र्याचा वाटला नाही.

फुफी गुडघे विसरून धावली. त्याला उचलायला वाकली तर तो तिच्या मनगटाला चावला. फुफीला, जिच्या हातचं तो जन्मभर खात आला होता. तिनं हात मागं घेतला नाही. “चाव, बाबा, चाव,” एवढंच म्हणाली. तोवर अब्बा दुकानातून पळत आले. त्यांनी माझी ओढणी मागून घेतली, पतंगच्या तोंडाभोवती बांधली आणि पोत्याची झोळी करून आम्ही त्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर नव्हते. लसीकरणासाठी गावोगाव फिरत होते, परवा-तेरवा येतील असं तिथल्या माणसानं सांगितलं. त्यानं पायाला दोन्हीकडून बांबूच्या पट्ट्या लावून चांगलं बांधून दिलं. अब्बा म्हणाले, “भाऊ, दुखणं थांबायचं काहीतरी द्या. ऐकवत न्हाय.” तो माणूस कपाटाकडं गेला, परत आला आणि म्हणाला, “हितं सगळं गाई-म्हशीचं हाय. कुत्र्याला काय चालतं, किती चालतं, मला ठावं न्हाय. म्या देणार न्हाय. त्याला हलू देऊ नका, पाणी पाजा, डॉक्टर येऊ द्या.” परत येताना फुफी रस्त्यानं त्याला कठोर काळजाचा म्हणत होती. अब्बांनी तिला अडवलं नाही, म्हणजे त्यांनाही तसंच वाटत होतं.

पतंगला गोठ्याच्या कडेला पोत्यावर ठेवलं. त्यानंतरचा तो आवाज मी अजून विसरले नाही. सारखा नव्हता. थोडा वेळ थांबायचा, आम्हाला वाटायचं झोपला, आणि मग एकदम सुरू व्हायचा, बारीक, लांब, वर चढत जाणारा. शेळ्यांनी चारा सोडला. अब्बांनी दुकानातलं चाक बंद केलं आणि काम नसताना पुन्हा सुरू केलं, कारण चाकाच्या आवाजात तो आवाज जरा झाकला जायचा. अम्मीनं भाकरी केल्या, पण ताटं तशीच राहिली. कमलकाकू भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, “आपा, काहीतरी करा हो.” त्यांनी ते मायेनंच म्हटलं होतं. गल्लीतल्या सगळ्यांना वाटत होतं की काही करायचं असेल तर ते फुफीच करणार.

फुफी आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात गूळ-तूप घालून कुस्करलेली भाकरी होती आणि दुसऱ्या हातात तिची गुडघ्याची गोळी. अम्मी म्हणाली, “आपा, जानवर को चलती क्या?” फुफी म्हणाली, “मला चालती न्हवं? माझं एवढं वजन वडून नेती ती, त्याचं काय घिऊन बसलीस. अर्धीच देती.” तिनं गोळी मोडली, अर्धी भाकरीत दाबली आणि त्याच्या तोंडापुढं धरली. पतंगनं दुपारपासून पाण्यालाही तोंड लावलं नव्हतं. पण तिच्या हातचा तो घास त्यानं घेतला.

थोड्या वेळानं आवाज थांबला. आम्ही सगळे तसेच बसून राहिलो, तो पुन्हा सुरू होईल म्हणून. झाला नाही. पतंगनं मान पोत्यावर टाकली, डोळे मिटले आणि झोपला. फुफीनं दोन्ही हात उचलून अल्लाचे आभार मानले. त्या संध्याकाळी आमच्याकडं सणासारखं जेवण झालं. मघाच्याच भाकरी, चटणी आणि शिळी अंबाडीची भाजी, पण अब्बांनी दोनदा मागून घेतली. अंधारून झाकड पडताना पतंग जागा झाला आणि त्याची शेपूट दोनदा हलली. कमलकाकू भिंतीवरून म्हणाल्या, “म्हणलं न्हवतं का म्या?”

दुसऱ्या दिवशी दुखणं परत आलं. फुफीनं परत गोळी दिली, सकाळी आणि संध्याकाळी. अर्ध्यानं भागेना तेव्हा अख्खी. प्रत्येक वेळी त्याला आराम पडायचा आणि फुफीच्या चेहऱ्यावर आराम दिसायचा. आता माझी लेक पुण्यात राहते, तिच्याकडं कुत्री आहे. ती कुत्री जिन्यावरून पडली तेव्हा लेकीनं बसल्या जागेवरून डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांचं पहिलं वाक्य हेच होतं, की घरातली कुठलीही गोळी देऊ नका. मी शेजारीच बसले होते. मला वाटलं, हे एवढं वाक्य त्या दिवसांत आम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं. दवाखान्यातला तो माणूस त्याच्या परीनं तेच सांगत होता, पण त्याच्या बोलण्यात ‘देणार न्हाय’ एवढंच आम्हाला ऐकू आलं.

मग पतंगनं खाणं सोडलं. आधी भाकरी, मग दूध. पाणी मात्र सारखं मागायचा आणि प्यायलेलं उलटून टाकायचा. एका सकाळी उलटीत रक्त होतं आणि त्याच्याखालचं पोतं डांबरासारख्या काळ्या विष्ठेनं भरलं होतं. फुफीनं ते पोतं स्वतः धुतलं. “ट्रॉलीचा मार आत लागला असंल,” ती म्हणाली. त्याच दिवशी डॉक्टर गावात आले. अब्बा त्यांना स्कूटरवर मागं बसवून घेऊन आले.

डॉक्टर लातूरकडचे, मध्यम वयाचे, कमी बोलणारे. त्यांनी पाय पाहिला, हिरड्या पाहिल्या, पोट दाबून पाहिलं. पाय पाहून ते म्हणाले, “हाड मोडलंय, पण बांधलंय चांगलं.” मग हिरड्यांकडं पुन्हा पाहिलं आणि विचारलं, “याला काही औषध दिलं का?”

अब्बांनी अम्मीकडं पाहिलं. फुफी मात्र पुढं झाली. तिच्या आवाजात अभिमान होता. “म्या दिलं की, डॉक्टरसाहेब. माझी गोळी. दिली की गप पडायचं लेकरू. न्हायतर तवाच मेला असता.”

“कुठली गोळी? दाखवा.”

फुफीनं आतून पाकीट आणलं. डॉक्टरांनी ते हातात घेतलं आणि वाचलं. मग ते खाली, अंगणातल्या मातीत बसले, फुफीच्या समोर.

“मावशी,” ते म्हणाले, “मी हे सांगितलं नाही तर उद्या तुम्ही दुसऱ्या जनावराला द्याल, म्हणून सांगतो. ही गोळी कुत्र्याला चालत नाही. माणसाच्या अंगातून ती निघून जाते, त्याच्या अंगात साचून राहते. आतून पोट सोलून निघतं, मग मूत्रपिंडं बंद पडतात. त्याचं जे चाललंय ते पायामुळं नाही.”

फुफी म्हणाली, “पण दुखायचं थांबत हुतं.”

“थांबत होतं. गोळी दुखणं थांबवतेच. म्हणूनच कळत नाही.”

अम्मी मधेच म्हणाली, “साहेब, ट्रॉलीचा मारही आत बसला असेल ना?” डॉक्टरांना तिचं म्हणणं समजलं. ते म्हणाले, “असेलही.” पण त्यांना खोटं बोलता येत नव्हतं, ते सगळ्यांना दिसलं.

त्यांनी सलाईन लावलं. बाटली कडुलिंबाच्या फांदीला टांगली. पिशवीतून एक लहान इंजेक्शन काढलं, पतंगचं वजन अंदाजानं धरून हिशेब केला आणि दिलं. “हे कुत्र्याला चालतं,” ते म्हणाले, “दुखणं कमी होईल आणि पोटाला त्रास नाही.” पतंगचं अंग हळूहळू सैल झालं. तेवढ्यात अब्बांनी तो प्रश्न विचारला. मला तेव्हाही वाटलं होतं की त्यांनी तो विचारू नये. “डॉक्टर, हे आधी मिळालं असतं तर?”

डॉक्टर पिशवी आवरत होते. मान खाली ठेवूनच म्हणाले, “मोडलेल्या पायानं कुत्रं मरत नाही. तीन पायांवरसुद्धा शेळ्या राखल्या असत्या त्यानं.”

फुफी चुलीजवळ उभी होती. तिनं ऐकलं.

पुढचे दिवस डॉक्टर रोज आले. कुणी बोलावलं नाही तरी आले. सलाईन चढायचं, पण लघवी होत नव्हती. त्यांचं लक्ष तेवढ्याकडंच असायचं. आल्या आल्या ते आधी पोतं हात लावून बघायचे, कोरडं असलं की बाटली बदलायचे. अब्बांनी पुण्याला न्यायचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, “टेंपोत एवढा वेळ हा टिकायचा नाही. आणि टिकला तरी तिथंही हेच करतील.” नमाजपुरतं सोडलं तर फुफीनं त्या दिवसांत शेळ्यांकडं जायचं लुगडं बदललंच नाही. पतंगजवळ बसून राहायची. त्याला पाण्याचा थेंबही स्वतःच्या हातानं पाजायची नाही, मला सांगायची, “नजमा, तू दे.” मी कापसाचा बोळा भिजवून त्याच्या ओठांना लावायचे आणि तो माझ्यावरून नजर वळवून तिच्याकडं बघायचा.

शेवटी डॉक्टरांनीच विषय काढला. पतंगच्या तोंडाला आता वाईट वास येत होता, अंगाला मधूनच झटके येत होते. ते म्हणाले, “मी त्याला झोपेचं इंजेक्शन देऊ शकतो. परत उठणार नाही. तुमच्या धर्मात कसं असेल मला माहीत नाही, तुम्ही ठरवा.” अब्बा मशिदीत विचारून येतो म्हणाले आणि चपला घालायला लागले. फुफी म्हणाली, “कुठं जातूस? जो सोसतुय त्याला इचारायचं का मौलवीला? द्या डॉक्टर. माझ्यामुळं लई सोसलं त्यानं.”

भर दुपार होती. फुफीनं पतंगचं डोकं उचलून मांडीवर घेतलं. त्याची लाळ तिच्या लुगड्यावर ओघळत होती. डॉक्टरांनी आधी दुखण्याचं इंजेक्शन दिलं, थोडं थांबले, मग दुसरं. पतंगनं एक मोठा श्वास सोडला. त्याचं अंग जड झालं ते मला फुफीच्या खांद्यावरून कळलं, ती थोडी खचली. तिसऱ्या प्रहरची, असरची अजान झाली. फुफी उठली नाही. माझ्या आयुष्यात तिची नमाज चुकलेली मी त्या एका दिवशी पाहिली. अब्बांनी आणि मी खंदकाच्या बाजूला, बाभळीपलीकडं खड्डा खणला. जमीन कडक होती.

लोकांनी समजूत घातली. कमलकाकू म्हणाल्या, “आपा, त्याचं आयुष्य तेवढंच हुतं.” अब्बा म्हणाले, डॉक्टरच गावात नव्हते त्याला तू काय करशील. अम्मीनं तर चक्क भांडण काढलं, की ट्रॅक्टरवाल्याला सोडून तुम्ही स्वतःलाच का लावून घेता. फुफी ऐकून घ्यायची. कुणाशी वाद घालायची नाही. काही दिवसांनी कमलकाकूंची सून रडणारं बाळ घेऊन आली. फुफीनं बाळाकडं पाहिलं आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. “दवाखान्यात ने बाई,” ती म्हणाली, “मला काय कळत न्हाय.” सून ओशाळून परत गेली. मग आणखी कुणी आलं, त्यालाही तेच उत्तर मिळालं. हळूहळू लोक यायचे थांबले. काहींना वाटलं आपाला गर्व झाला. संध्याकाळी आमच्या अंगणात बायकांचं जे बोलणं असायचं ते बंद झालं आणि परत कधी सुरू झालं नाही.

तिनं स्वतःच्या गोळ्याही सोडल्या. आम्हाला ते कळायला वेळ लागला. ती बसताना भिंत धरायला लागली, मग उठताना माझा खांदा. नमाज खुर्चीवर आली. अब्बांनी तिच्या गुडघ्याच्या डॉक्टरांना घरी आणलं. त्यांनी दुसऱ्या गोळ्या लिहून दिल्या, समजावलं, तुम्हाला ह्या चालतात, तुमच्यासाठीच आहेत. फुफीनं मान हलवली आणि एकही घेतली नाही. शेळ्यांमागं जाणं सुटलं तेव्हा अब्बांनी त्या एकेक करून कमलकाकूंच्या दिराला देऊन टाकल्या. गोठा रिकामा झाला. अम्मी एकटीच चटणी कुटायला लागली, पण तिला तो ठोका कधी साधला नाही.

मी बी.ए.ला बार्शीला राहायला गेले. सुटीत आले की फुफी बाजेवर पडलेली असायची, भिंतीकडं तोंड करून. रात्रभर कण्हते, असं अम्मी सांगायची. आज माझे स्वतःचे गुडघे दुखतात. डॉक्टरांनी दिलेली गोळी मी मुकाट्यानं घेते आणि तासाभरात बरं वाटतं. ते बरं वाटणं काय असतं हे मला आता माहीत आहे, म्हणून फुफीनं काय सोडलं होतं तेही आता कळतं. तेव्हा मला तिचा राग यायचा. एका दुपारी, अम्मी बाजारात गेली असताना, मी गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन तिच्या उशाशी बसले.

“फुफी, घ्या ना. कुणासाठी सोसताय तुम्ही? तुम्हाला माहीत नव्हतं. माहीत नसताना केलेल्या गोष्टीची शिक्षा अल्लासुद्धा देत नाही.”

तिनं माझ्याकडं तोंड वळवलं. ती रागावली नव्हती, रडतही नव्हती. मला काहीतरी साधं समजावून सांगावं तसं म्हणाली, “मला ठावं नव्हतं हे त्याला कुठं ठावं हुतं, पोरी? दुपारपास्नं त्यानं पाण्याला तोंड लावलं नव्हतं. घास माझ्या हातचा हुता म्हणून खाल्ला.”

मी गोळी परत पाकिटात ठेवली. ती पुढं कितीतरी वर्षं जगली आणि तिनं दुखण्यावर काही म्हणजे काही घेतलं नाही.